पूर ओसरताना मिथेन का वाढतो? उष्ण कटिबंधातल्या पूरमैदानांचं ऋतुचक्र

प्रश्न असा आहे: "उष्ण कटिबंधातल्या एका मोठ्या नदीच्या पूरमैदानातून दर महिन्याला किती मिथेन हवेत जातो याचा अंदाज मी काढते आहे. उपग्रहावरून पाण्याखालचं क्षेत्रफळ घेतलं आणि त्याला आधीच्या अभ्यासांतला सरासरी दर लावला. माझ्या आलेखातलं शिखर पुराच्या शिखरावर येतं. हवेतल्या मोजमापांवरून उलट गणिताने काढलेलं शिखर मात्र कधी आधी येतं, कधी बरंच उशिरा. गडबड कुठे आहे?"

गडबड त्या एकाच दरात आहे. पूरमैदानावरच्या एक चौरस मीटर पाण्यातून बाहेर पडणारा मिथेन पाणी चढताना वेगळा असतो, तुंबलेलं असताना वेगळा आणि उतरताना आणखी वेगळा. हा फरक टक्क्यांत सांगण्यासारखा नसतो, अनेक पटींचा असतो. म्हणजे क्षेत्रफळही ऋतूबरोबर हलतं आणि दरही हलतो, आणि दोघांचा ताल एक नसतो. तुम्ही त्यातला एक स्थिर धरलात, त्यामुळे तुमच्या आलेखाला फक्त पाण्याचा आकार आला. आज किती जमीन पाण्याखाली आहे यापेक्षा ती किती दिवसांपासून पाण्याखाली आहे, बुडण्याआधी तिच्यावर काय उगवलं होतं आणि पाणी आता कुठल्या दिशेने निघालं आहे, हे मिथेनसाठी जास्त महत्त्वाचं असतं.

हा हिशेब चुकला तर किंमत मोठी आहे. जगभरच्या पाणथळ जागांमधून वर्षाला साधारण 15 ते 18 कोटी टन मिथेन बाहेर पडतो आणि त्यातला मोठा वाटा उष्ण कटिबंधाचा आहे. मिथेन हवेत दहा-बारा वर्षंच टिकतो, पण वीस वर्षांच्या हिशेबात टनामागे कार्बन डायऑक्साइडच्या 80 पट तापवतो. 2020 आणि 2021 या दोन वर्षांत हवेतलं मिथेनचं प्रमाण अनुक्रमे अब्जात सुमारे 15 आणि 18 भागांनी वाढलं. नियमित मोजमापं सुरू झाल्यापासून इतकी वाढ दिसली नव्हती. त्यात उष्ण कटिबंधातल्या पाणथळींचा हात किती, या प्रश्नाचं उत्तर शेवटी महिन्यामहिन्याचं गणित बरोबर मांडण्यावरच येऊन थांबतं.

उत्तरेकडच्या थंड दलदलींचं गणित त्या मानाने सोपं आहे. तिथे उन्हाळा आला, माती तापली, सूक्ष्मजीव जागे झाले की मिथेन वाढतो. हिवाळ्यात बर्फाखाली सगळं मंदावतं. आपण वापरतो ती बरीचशी गणिती प्रारूपं (मॉडेल) याच तापमानाच्या नात्यावर घडली. विषुववृत्ताजवळ मातीचं तापमान वर्षभर फारसं हलत नाही. तिथे ऋतू घडवतं ते पाणी, आणि पाणी तापमानासारखं एका सुरात चढउतार करत नाही. ते शेकडो किलोमीटर लांबून येतं, उशिरा येतं, अडतं, मागे वळतं.

आधी गाळात काय होतं ते थोडक्यात पाहू. कोरड्या महिन्यांत उघड्या पडलेल्या मातीत हवा शिरते. लोह, मँगनीज आणि गंधक यांची संयुगं पुन्हा ऑक्सिडीकृत होतात. पाणी चढल्यावर सूक्ष्मजीव आधी उरलासुरला ऑक्सिजन वापरतात, मग ऑक्सिजनच्या जागी नायट्रेट, मँगनीज, लोह, सल्फेट अशा क्रमाने वापरत पुढे जातात. हा साठा संपत आला की मिथेन तयार करणाऱ्या आर्किया या जिवाणूंसारख्या सूक्ष्मजीवांना रान मोकळं मिळतं. माती किती लोहयुक्त आहे आणि तिच्यात कुजणारा माल किती आहे यावर हा काळ काही दिवसांचा असेल की काही आठवड्यांचा, हे ठरतं. म्हणजे क्षेत्रफळाचा आलेख चढायला लागला तरी त्या नव्याने बुडालेल्या पट्ट्यातून पहिले काही दिवस मिथेन जवळजवळ येत नाही. हा पहिला उशीर.

पण चढत्या पाण्याची दुसरी बाजूही आहे. पुराचं पहिलं पाणी कोरड्या गवतावर, पालापाचोळ्यावर पसरतं तेव्हा कुजण्याचा वेग इतका वाढतो की पाण्यातला ऑक्सिजन संपून जातो. दक्षिण अमेरिकेतल्या पांतानाल या विशाल पाणथळीत याला देक्वादा म्हणतात. पूर येतानाच पाणी काळपट होतं, मासे वर येऊन श्वासासाठी तडफडतात आणि कधीकधी मोठ्या संख्येने मरतात. 1990 च्या दशकात पॅराग्वे नदीवर अशा घटनेची तपशीलवार मोजमापं झाली. त्या वेळी पाण्यात ऑक्सिजन जवळपास नव्हता आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड व मिथेन भरपूर होता. म्हणून पुराच्या आधी येणारं शिखर दिसलं की मी पहिल्यांदा विचारते, की आदल्या कोरड्या ऋतूत त्या मैदानावर किती गवत वाढलं होतं आणि त्यातलं किती आगीत गेलं. जळून गेलेलं गवत पुराच्या वाट्याला येत नाही.

पाणी पूर्ण चढलेलं असताना क्षेत्रफळ सर्वांत जास्त असतं, पण मोकळ्या पाण्यातला दर चौरस मीटरमागे बऱ्याचदा खाली असतो. खोल पाण्यातून वर येताना विरघळलेल्या मिथेनला ऑक्सिजनयुक्त थर ओलांडावा लागतो, आणि तिथे मिथेन खाणारे जिवाणू बसलेले असतात. ॲमेझॉनच्या पूरमैदानातल्या तळ्यांमध्ये आणि मुख्य नद्यांमध्येही हे ऑक्सिडीकरण मोजलं गेलं आहे, आणि ते दुर्लक्ष करण्याएवढं लहान नाही. शिवाय वरच्या पाण्याच्या दाबामुळे गाळातला वायू दबून राहतो, बुडबुडे कमी सुटतात, आणि सुटलेले बुडबुडेही लांबच्या वाटेत थोडे विरघळतात. एकूण बेरीज मोठी दिसते ती पाण्याच्या पसाऱ्यामुळे आणि झाडांमुळे. झाडांकडे मी पुढे येते.

आता पाणी उतरण्याबद्दल. तुमच्या उशिरा येणाऱ्या शिखराचं मुख्य कारण मला इथे दिसतं. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या मानाउस शहरापाशी नदी साधारण जूनमध्ये सर्वांत वर आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सर्वांत खाली असते. नेहमीच्या वर्षी या दोन पातळ्यांत सुमारे दहा मीटरचा फरक असतो. पाण्याचा दर दहा मीटरचा थर तळावर एका वातावरणाएवढा दाब टाकतो. म्हणजे दहा मीटर पाण्याखालच्या गाळावर हवेचा धरून दोन वातावरणांचा दाब असतो, आणि पाणी उतरून गेलं की तो निम्म्यावर येतो. दाब निम्मा झाला की अडकलेल्या वायूचं आकारमान दुप्पट होतं आणि गाळातल्या पाण्यात विरघळून राहण्याची मिथेनची क्षमताही निम्मी होते. सोड्याच्या बाटलीचं बूच उघडावं तसा गाळ फसफसतो, फक्त हे उघडणं चार महिने चालतं. पुराच्या सगळ्या काळात तयार होऊन साठलेला मिथेन या महिन्यांत बाहेर येतो. पाणी आता उथळ असल्यामुळे बुडबुडा तळापासून पृष्ठभागापर्यंत काही क्षणांत पोचतो आणि वाटेतल्या जिवाणूंच्या हाती फारसा लागत नाही.

त्याच वेळी मैदानावर साठलेलं, ऑक्सिजन हरवलेलं पाणी लहान ओहोळांतून मुख्य नदीत परततं आणि सोबत विरघळलेला मिथेन घेऊन जातं. त्यामुळे नदीच्या पात्रातलं मिथेनचं शिखर मैदानावरच्या शिखरानंतर आणि वेगळ्या जागी दिसू शकतं. तुम्ही पात्र आणि मैदान एकाच रकान्यात धरलं असेल तर दोन वेगळी शिखरं एकमेकांत मिसळून जातात. ती वेगळी ठेवा.

पाणी सर्वांत खाली असताना सगळ्यांना वाटतं की आता हिशेब संपला. उरलेली उथळ डबकी, कोरडी पडत चाललेली तळी आणि ओला गाळ यांचं क्षेत्रफळ थोडं असतं हे खरं, पण चौरस मीटरमागचा दर इथे फार वर जाऊ शकतो. हा काळ सर्वांत कमी मोजला गेला आहे, आणि त्यामागे निसर्ग नाही, वाहतूक आहे. बोट पोचत नाही, चालत गेलं तर चिखलात पाय रुततात, आणि पायाच्या दाबानेच बुडबुडे सुटून मोजमाप बिघडतं. आधीच्या अभ्यासांतला सरासरी दर घेताना त्यातली किती मोजमापं कुठल्या महिन्यातली आहेत ते नक्की पाहा. बोट सहज जाते त्या महिन्यांचं वजन त्यात हमखास जास्त असतं.

या सगळ्याला खाद्य पुरवणाऱ्या गवताबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण प्रारूपांमध्ये ते बहुतेक वेळा हरवतं. ॲमेझॉनच्या गाळवट पाण्याच्या पूरमैदानांवर एकायनोक्लोआ पॉलिस्टॅकिया नावाचं गवत वाढतं. पाणी चढेल तसं त्याचं खोड लांबत जातं आणि शेंडा पाण्यावर राहतो. त्याचं उत्पादन हेक्टरी वर्षाला सुमारे 100 टन कोरड्या वजनाएवढं मोजलं गेलं आहे. नैसर्गिक वनस्पतींमध्ये याच्या तोडीची उदाहरणं फार थोडी आहेत. पाणी उतरलं की हा सगळा भार चिखलावर आडवा होतो आणि कुजायला लागतो. त्याच ओल्या चिखलातून नवे कोंब फुटतात, आणि पुढच्या पुरात तेही बुडतात. म्हणजे या वर्षीच्या मिथेनचा कच्चा माल बराचसा गेल्या काही महिन्यांत तयार झालेला असतो. शिवाय जिवंत गवताच्या देठातल्या हवेच्या पोकळ्या मिथेनला थेट वर नेणाऱ्या नळ्या ठरतात. त्या वाटेने जाणाऱ्या वायूला वरचा ऑक्सिजनचा थर लागतच नाही. 1980 च्या दशकात ॲमेझॉनच्या तळ्यांवर पहिली पद्धतशीर मोजमापं झाली, तेव्हापासून तरंगत्या गवताचे पट्टे मोकळ्या पाण्यापेक्षा जास्त मिथेन सोडतात हे दिसत आलं आहे. पाण्याचं क्षेत्रफळ मोजताना त्यातलं गवताखालचं किती, जंगलाखालचं किती आणि मोकळं किती हे वेगळं केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता झाडं. ॲमेझॉनच्या खोऱ्यावर विमानातून घेतलेल्या हवेच्या नमुन्यांवरून निघणारा मिथेन आणि जमिनीवर मोजून केलेली बेरीज यांत वर्षानुवर्षं मोठी तफावत होती. 2017 साली सुनीता पंगला, व्हिन्सेंट गाउची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूरमैदानातल्या 13 ठिकाणी दोन हजारांहून जास्त झाडांच्या खोडांवर मोजमापं करून दाखवलं, की ही झाडं मुळांतून मातीतला मिथेन ओढून खोडातून हवेत सोडतात, आणि त्यांचा वाटा वर्षाला सुमारे दीड ते दोन कोटी टन आहे. तफावत बरीचशी इथेच भरून निघाली. या क्षेत्रातलं इतकं निर्णायक काम माझ्या पाहण्यात फार थोडं आहे. कारण तोवर आम्ही सगळे पाण्याच्या पृष्ठभागाकडे बघत होतो, आणि वायू आमच्या शेजारच्या खोडातून जात होता.

ऋतूच्या दृष्टीने झाडांच्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, खोडातून जाणारा मिथेन तळाशी सर्वांत जास्त असतो आणि वर कमी होत जातो. पाणी चढलं की खोडाचा खालचा भाग पाण्यात जातो आणि आपण मोजतो ती उंची जमिनीपासून बदलते. मोजलेली उंची पाण्याच्या पातळीपासून की मुळापासून, हे नोंदवलं नसेल तर दोन महिन्यांचे आकडे शेजारी ठेवता येत नाहीत. दुसरी गोष्ट तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. त्याच गटाच्या पुढच्या कामातून दिसलं, की पाणी जमिनीच्या वर नसून थोडं खाली असतानाही झाडं मिथेन सोडत राहतात, कारण मुळं भिजलेल्या थरापर्यंत पोचलेली असतात. उपग्रह ही जमीन कोरडी म्हणून दाखवतो. म्हणजे पूर ओसरल्यावर तुमच्या आलेखात शून्य झालेला पट्टा प्रत्यक्षात काही काळ चालूच असतो.

पाण्याचा प्रकारही दर बदलतो. ॲमेझॉनमध्ये गाळ आणि पोषकद्रव्यं घेऊन येणाऱ्या नद्यांच्या पूरमैदानाला वार्झिया म्हणतात आणि काळ्या, आम्ल, पोषकद्रव्यांनी गरीब पाण्याच्या पूरमैदानाला इगापो. वार्झियावर गवत माजतं, इगापोवर नाही. मिथेनचे दरही त्याच क्रमाने लागतात. ओरिनोकोच्या काठच्या पूरमैदानातून क्षेत्रफळाच्या मानाने फारच थोडा मिथेन येतो. तुमचा दर कुठल्या पाण्यावरून घेतला आहे, हेही तपासा.

आता शिखर आधी-उशिरा का, याचं दुसरं मोठं कारण: प्रत्येक खोऱ्याचं पंचांग वेगळं आहे, आणि पाऊस व पूर यांची गाठ सगळीकडे सारखी नाही. पांतानालमध्ये पाऊस मुख्यतः उत्तरेकडे पडतो, पण जमीन इतकी सपाट आहे की ते पाणी दक्षिणेकडे सरकायला महिने लागतात. उत्तरेत पूर ओसरू लागतो तेव्हा दक्षिणेत तो यायचा असतो. पूर्ण पांतानालचं एकच शिखर काढलं तर ते कुठल्याच जागेचं खरं शिखर नसतं.

ओकावांगोची गोष्ट आणखी विलक्षण आहे. अंगोलाच्या डोंगरांत जानेवारी-फेब्रुवारीत पडलेला पाऊस बोत्स्वानातल्या त्रिभुज प्रदेशात हळूहळू पसरत जातो, आणि तिथलं पाणी सर्वांत जास्त पसरतं ते जून ते ऑगस्टमध्ये, स्थानिक कोरड्या आणि थंड ऋतूत. म्हणजे पाणी भरपूर असताना ऊन आणि वाढ कमी. तिथल्या दलदलीवर मनोऱ्यावरून सलग केलेल्या मोजमापांचे निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. मिथेनच्या चढउताराचं सर्वांत चांगलं स्पष्टीकरण पाण्याच्या पातळीने दिलं नाही, पपायरस या उंच लव्हाळ्याच्या वाढीच्या आणि सुकण्याच्या चक्राने दिलं. तुमच्यासारखा क्षेत्रफळाचा गुणाकार तिथे केला असता तर ऋतूच चुकला असता. पपायरस, बोरू यांसारख्या उंच वनस्पतींच्या जागी हेच घडत असण्याची शक्यता मी नेहमी धरून चालते.

दक्षिण सुदानमधल्या सुद्द दलदलीला दोन बाजूंनी पाणी मिळतं: स्थानिक पाऊस, आणि व्हिक्टोरिया सरोवरापासून श्वेत नाईलने येणारं पाणी. पहिलं ऋतूप्रमाणे येतं. दुसरं सरोवराच्या पातळीप्रमाणे येतं, आणि सरोवर अनेक महिन्यांचा पाऊस लक्षात ठेवतं. 2019 च्या अखेरीस पूर्व आफ्रिकेत जोरदार पाऊस झाला, त्या वर्षी हिंद महासागराचं तापमानही त्याला अनुकूल होतं, आणि मे 2020 मध्ये व्हिक्टोरिया सरोवराने 1964 चा विक्रम मोडला. त्यानंतर सुद्दचा कायम पाण्याखाली राहणारा भाग वाढला आणि उपग्रहांनाही तिथे मिथेन वाढलेला दिसला. अशा जागी कोरडा ऋतू नेहमीसारखा कोरडा राहतच नाही. मातीत हवा शिरायला वेळ मिळत नाही, लोहाचा साठा पुन्हा भरत नाही, आणि पुढच्या पुरात तो सुरुवातीचा उशीरही गळून पडतो. एका वर्षाचा ओलावा दुसऱ्या वर्षाचा ऋतू बदलतो तो असा.

काँगो विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंनी पाणी घेते, म्हणून तिथे वर्षात दोन चढ येतात आणि पातळीतला फरक ॲमेझॉनच्या मानाने कमी असतो. मधल्या खोऱ्यातल्या पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांच्या) दलदलींना ऋतू आहेत, पण बोथट. कंबोडियातलं तोनले साप सरोवर मात्र दुसऱ्या टोकाला आहे: मेकाँग चढली की सरोवरातून वाहणारी नदी उलटी फिरते, आणि पाण्याचा विस्तार कोरड्या ऋतूतल्या सुमारे 2,500 चौरस किलोमीटरवरून 15,000 च्या आसपास जातो. या प्रत्येक ठिकाणी ॲमेझॉनचा दर लावणं मला पटत नाही, पण आजही अनेक अंदाज तसेच केले जातात.

तुमच्या आकड्यांकडे परत येऊ. पाण्याखालचं क्षेत्रफळ तुम्ही कुठल्या उपग्रहावरून घेतलंत? दृश्य प्रकाशाच्या चित्रांत ढगाखालचं आणि झाडाखालचं पाणी दिसत नाही, आणि पूर बऱ्याचदा ढगांच्याच महिन्यांत येतो. लांब तरंगलांबीचं रडार, ज्याला एल पट्टा म्हणतात, पानांतून आत जातं आणि पाणी व खोड यांवरून परावर्तित होऊन जंगलाखालचा पूर दाखवतं. ॲमेझॉनच्या पूरमैदानांचे चांगले नकाशे अशाच रडारवर उभे आहेत. जुलै 2025 मध्ये श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या निसार उपग्रहावर एल आणि एस अशी दोन्ही रडारं आहेत, आणि तो काही दिवसांच्या अंतराने त्याच जागी परत येतो. पूरमैदानांच्या अभ्यासासाठी मला त्याच्याकडून फार आशा आहे, कारण आपल्याला पाण्याची चाल हवी आहे. वर्षातली एक-दोन चित्रं पुरत नाहीत.

दुसरी बाजू, म्हणजे हवेतल्या मोजमापांवरून काढलेलं शिखर, हेही डोळे झाकून मान्य करू नका. गोसॅट हा जपानी उपग्रह 2009 पासून आणि ट्रोपोमी हे उपकरण ऑक्टोबर 2017 मध्ये उडालेल्या सेंटिनेल-5पी वरून मिथेन मोजत आहे. दोन्ही सूर्याच्या परावर्तित अवरक्त प्रकाशावर चालतात. ढग असले तर मोजमाप नाही. खाली पाणी असलं तर ते इतकं काळं दिसतं की बहुतेक वेळा मोजमाप नाही. म्हणजे ज्या महिन्यांत आणि ज्या जागी आपल्याला सर्वांत जास्त हवं, तिथेच नोंदी सर्वांत विरळ. ही रिकामी जागा गणित आधीच्या अंदाजाने भरून काढतं. तो आधीचा अंदाज पावसावरून बांधलेला असेल आणि त्यात नदीने काठ ओलांडून पसरणं धरलेलं नसेल, तर निघालेल्या शिखराला पावसाचाच आकार येतो. दक्षिण अमेरिकेतल्या पाराना नदीच्या पूरक्षेत्रात एका प्रारूपाची गोसॅटशी तुलना झाली तेव्हा ही उणीव स्पष्ट दिसली: उपग्रहाला मिथेन वाढलेला दिसत होता, आणि वरून वाहून आलेला पूर प्रारूपात नव्हताच.

आणखी दोन गोष्टी हवेतल्या आकड्यांत मिसळतात. उत्तर गोलार्धाच्या हवेत दक्षिणेपेक्षा मिथेन जास्त असतो. विषुववृत्ताजवळ वाऱ्यांच्या संगमाचा पट्टा ऋतूप्रमाणे उत्तरेला-दक्षिणेला सरकतो, तेव्हा खाली काहीही बदललं नसताना तुमच्या जागेवरचा मिथेन वाढलेला किंवा घटलेला दिसतो. आणि कोरड्या ऋतूत गवताळ प्रदेश जळतात, त्या धुरातही मिथेन असतो. धूर ओळखायला सोबतचा कार्बन मोनॉक्साइड पाहा; तो वाढला असेल तर मिथेनचा काही भाग आगीचा आहे. कार्बनची समस्थानिकंही मदत करतात: दलदलीतला मिथेन जड कार्बनमध्ये गरीब असतो, आगीतला श्रीमंत. पण पपायरससारख्या वनस्पतींच्या दलदलीतला मिथेन जंगलाच्या दलदलीतल्यापेक्षा थोडा जड असतो, म्हणून सगळ्या उष्ण कटिबंधाला एकच खूण लावू नका.

तुमचा आलेख दुरुस्त कसा करायचा? मी असं करीन. क्षेत्रफळाचे महिने मोजण्याआधी नकाशाच्या प्रत्येक चौकटीला तीन गोष्टी जोडीन: ती किती दिवसांपासून बुडलेली आहे, पाणी चढतं आहे की उतरतं, आणि वर मोकळं पाणी, गवत की जंगल. मग दर या तिन्हींनुसार वेगळे लावीन. आकडे कमी असतील तर अनिश्चितता मोठी येईल, येऊ द्या. खोट्या नेमकेपणापेक्षा ती बरी. झाडांसाठी पाणी जमिनीखाली थोडं असतानाचा काळही धरीन. नदीचं पात्र वेगळं ठेवीन.

आधीच्या अभ्यासांतले दर उचलताना बुडबुड्यांचं काय केलं आहे ते वाचा. चेंबर, म्हणजे वायू गोळा करायला पाण्यावर किंवा चिखलावर उपडं ठेवलेलं बंद भांडं, त्यातला वायू सरळ रेषेत वाढला नाही, मध्येच उडी मारली, तर ते मोजमाप बाद करण्याची पद्धत अजूनही चालते. ती उडी म्हणजे बुडबुडा असतो. अशा नोंदी काढून टाकल्या की ओसरत्या पाण्यातला मुख्य वाटाच निघून जातो. मध्यक वापरला तरी तेच होतं, कारण बुडबुडे विरळ आणि मोठे असतात. बेरजेसाठी सरासरीच हवी, आणि तिच्यासाठी पुष्कळ नमुने हवेत. बुडबुडे पकडायला उलटी नरसाळी पाण्याखाली काही दिवस टांगून ठेवणं हा जुना आणि स्वस्त उपाय अजूनही उत्तम आहे. मोजमापाची वेळही बघा. उथळ तळी दिवसा तापून थर धरतात आणि रात्री गार होऊन ढवळली जातात, म्हणून फक्त दिवसा घेतलेले मोकळ्या पाण्याचे आकडे कमी येऊ शकतात. उलट बोरूसारख्या वनस्पती दिवसा उन्हात वायू जोराने ढकलतात, तिथे दिवसाचेच आकडे जास्त येतात.

आणि तुम्हाला स्वतः तिथे जाऊन मोजायची संधी असेल, पण वर्षातून चारच फेऱ्या शक्य असतील, तर त्या समान अंतरावर ठेवू नका. पुराच्या शिखरावर एक पुरे. एक पाणी चढायला लागून साधारण महिना झाल्यावर ठेवा, म्हणजे मातीतला लोहाचा साठा संपून मिथेन सुरू झालेला सापडेल. उरलेल्या दोन्ही ओसरत्या पाण्याला द्या: पातळी सर्वांत वेगाने खाली येत असते तेव्हा एक, आणि बोट जेमतेम पोचते तेव्हा दुसरी. या शेवटच्या फेरीला चिखलावर टाकायला रुंद फळ्या न्या आणि चेंबर लावल्यावर त्याच्यापासून लांब उभ्या राहा.